गॅस तोडण्याची नोटीस हातात आहे: न्यू जर्सीत हीटिंगच्या बिलासाठी सरकारी मदत कशी मिळवायची

एडिसनहून एका ताईंनी विचारलं आहे: मिस्टरांचे वेअरहाउसमधले तास दिवाळीनंतर निम्म्यावर आले. घरात चार माणसं आहेत. नवरा-बायको ग्रीन कार्डवर, 71 वर्षांच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आलेल्या आणि चार वर्षांची मुलगी इथेच जन्मलेली. महिन्याची एकूण कमाई कर कापण्याआधी 3,600 डॉलर. गॅस कंपनीचे 870 डॉलर थकलेत आणि आता शटऑफची नोटीस आली आहे. हीटिंगसाठी सरकारी मदत असते असं ऐकलंय, पण ती घेतली तर पुढे सिटिझनशिपला अडचण येईल का? सासूबाईंना येऊन पाच वर्षं झाली नाहीत, म्हणून अर्ज बाद होईल का? आणि तोवर गॅस तोडला तर काय करायचं?

ताई, मी 14 वर्षं न्यू जर्सीत एका सामाजिक संस्थेत हेच अर्ज भरून घेते. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण नोटिशीवरची तारीख कोणासाठी थांबत नाही.

उद्या सकाळी कंपनीला फोन करा. दुभाषा हवा असेल तर मागा. फोनवर हे शब्द वापरा: ‘विंटर टर्मिनेशन प्रोग्राम’. नाव ऐकून हा गॅस तोडण्याचाच कार्यक्रम असेल असं वाटतं, पण अर्थ नेमका उलटा आहे. न्यू जर्सीत 15 नोव्हेंबर ते 15 मार्च या काळात ठरावीक गटांतल्या घरांचा गॅस किंवा वीज कंपनीला तोडता येत नाही. हीटिंगची सरकारी मदत मिळणारी, एसएसआय (गरीब ज्येष्ठ आणि अपंगांची केंद्राची रोख मदत) मिळणारी, ज्येष्ठांच्या औषधांच्या राज्य योजनेत असलेली अशी घरं यात येतात. या कुठल्याही यादीत नसलेल्यांसाठी आणखी एक दार आहे: बेकारी, आजारपण, औषधपाण्याचा खर्च, जोडीदाराचा अलीकडे झालेला मृत्यू, असं हाताबाहेरचं कारण असेल तर तेही संरक्षण मागू शकतात. मिस्टरांचे तास कापले गेलेत, हे असंच कारण आहे. पण कंपनीला ते आपणहून कळत नाही. तुम्ही सांगायचं, कंपनी मागेल तो पुरावा द्यायचा आणि कोणाशी, कधी बोललात ते कागदावर टिपून ठेवायचं.

हे संरक्षण म्हणजे बिलमाफी नव्हे. चार महिने एक पैसा भरला नाही तर 16 मार्चला तीच नोटीस दुप्पट रकमेची होऊन येते, हे मी दरवर्षी पाहते. झेपेल तेवढं दर महिन्याला भरत राहा, 40 डॉलर का असेनात. त्याच फोनवर थकबाकीचे हप्तेही बांधून घ्या. राज्याच्या नियमाप्रमाणे घरगुती ग्राहकाकडून पहिला हप्ता थकबाकीच्या 25 टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. तुमच्या 870 वर ते साधारण 217 डॉलर होतात. पलीकडून 500 मागितले तर नम्रपणे पण ठाम सांगा की नियम 25 टक्क्यांचा आहे. तरी ऐकलं नाही तर राज्याच्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजकडे तक्रार करता येते. तक्रारीला पैसे पडत नाहीत.

आता मूळ मदतीकडे येते. तिचं नाव लो इन्कम होम एनर्जी असिस्टन्स प्रोग्राम. सगळे तिला ‘लायहीप’ म्हणतात. 1970च्या दशकातल्या तेलाच्या भडक्यानंतर, 1981 साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे इथल्या काँग्रेसने, ती कायद्याने उभी केली. पैसा केंद्राचा, अलीकडच्या वर्षांत सुमारे 4 अब्ज डॉलर, पण वाटप राज्यांकडे. त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या मावशीला जे मिळालं, जशी तारीख मिळाली, तसंच तुम्हाला मिळेल असं धरू नका. न्यू जर्सीत हे काम डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्सकडे आहे आणि प्रत्येक काउंटीत अर्ज भरून देणाऱ्या स्थानिक संस्था नेमलेल्या आहेत. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. तुमच्या भागातली संस्था कोणती ते 211 वर फोन केला की कळतं.

इथे एकाच अर्जात दोन मदती तपासल्या जातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लायहीप म्हणजे हिवाळ्यासाठी वर्षातून एकदा मिळणारी रक्कम. ती बहुतेक वेळा थेट गॅस किंवा तेल कंपनीकडे जाते. दुसरा आहे राज्याचा युनिव्हर्सल सर्व्हिस फंड. तुमच्या कमाईच्या मानाने गॅस-विजेचं बिल फार जड असेल तर तो दर महिन्याच्या बिलातून ठरावीक रक्कम वजा करतो. मला विचाराल तर तुमच्यासारख्या घराला दीर्घ पल्ल्यात या दुसऱ्याचाच आधार मोठा, कारण तो उन्हाळ्यातल्या विजेच्या बिलातही सोबत असतो. त्याला जोडून फ्रेश स्टार्ट नावाची सोय आहे. फंडात पहिल्यांदाच येणाऱ्याची जुनी थकबाकी असेल आणि त्याने पुढचं वर्षभर दर महिन्याचं बिल पूर्ण भरलं, तर ती जुनी थकबाकी माफ होते. तुमचे 870 डॉलर या वाटेने जाऊ शकतात. मात्र अट कडक आहे. म्हणून अर्जाच्या वेळीच ‘फ्रेश स्टार्टमध्ये मी बसते का’ असं विचारून घ्या आणि बसत असाल तर बिलाची तारीख फ्रिजवर लावा.

तुम्ही कमाईच्या मर्यादेत बसता का? बसता. केंद्राच्या कायद्यात कमाल मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 150 टक्के किंवा राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या 60 टक्के, यांपैकी जी जास्त ती. न्यू जर्सी 60 टक्क्यांची लावते आणि इथलं मध्यम उत्पन्न मोठं असल्याने ती बरीच वर जाते. पण तुमच्या बाबतीत तिथवर जायचीही गरज नाही. 2025 च्या आकड्यांप्रमाणे चार माणसांची दारिद्र्यरेषा वर्षाला 32,150 डॉलर, तिच्या दीडपट 48,225. तुमची वर्षाची कमाई 43,200 होते. म्हणजे दोन्हींतल्या खालच्या रेषेच्याही तुम्ही आत आहात. हे मुद्दाम मांडून दाखवलं, कारण ‘आम्ही काही एवढे गरीब नाही’ असं म्हणून परत गेलेली मराठी कुटुंबं मी मोजायची सोडून दिली आहेत. कमावता माणूस घरात आहे, गाडी आहे, म्हणजे आपण यात बसत नाही, असं ती स्वतःच ठरवतात. मर्यादा सरकारने ठरवायची आहे, आपण नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा: बघतात ती कर कापण्याआधीची रक्कम, हातात येणारी नव्हे. आणि ती घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची मिळून. तुमच्याकडे दीर राहत असतील, त्यांच्या फोनचं बिल वेगळं असेल, तरी एकाच छपराखाली एकाच हीटिंगवर राहणारे ते एकच घर. त्यांना यादीतून गाळू नका. नंतर उघड झालं तर मदत परत मागितली जाते आणि पुढच्या अर्जावर डाग राहतो.

आता इमिग्रेशन. सगळ्यात जास्त भीती इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकीची माहितीही इथेच फिरते.

ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाल्याशिवाय मदत नाही, हा नियम खरा आहे, पण तो मेडिकेड (गरजूंचा सरकारी आरोग्यविमा), फूड स्टँप (अन्नधान्याची मदत), एसएसआय, रोख कल्याण मदत अशा ठरावीक कार्यक्रमांना लागतो. लायहीप त्या यादीत नाही. ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला पहिल्या वर्षीही अर्ज करता येतो. तेव्हा सासूबाईंची दोन वर्षं आड येत नाहीत. सासूबाईंना ज्यांनी स्पॉन्सर केलं त्यांनी जे प्रतिज्ञापत्र भरलं, त्याच्या आधारावर सरकार स्पॉन्सरकडून पैसे वसूल करू शकतं, तेही याच यादीतल्या कार्यक्रमांसाठी.

सिटिझनशिपच्या अर्जात ‘पब्लिक चार्ज’ची, म्हणजे हा माणूस सरकारवर बोजा होईल का याची, तपासणी होत नाही. खरं बोलून, खरे कागद देऊन घेतलेली हीटिंगची मदत तिथे अडथळा ठरत नाही. ती तपासणी ग्रीन कार्ड मिळवताना किंवा व्हिसा घेताना होते. तिथेही 2022 च्या नियमाप्रमाणे उदरनिर्वाहासाठी मिळणारी रोख मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणं एवढंच मोजलं जातं. घराच्या ऊर्जेची मदत त्यात धरलेली नाही. मात्र हा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर 2025 मध्ये मांडला गेला आहे. म्हणून ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज अजून चालू आहे, त्यांनी अर्जावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. गरजूंसाठी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था राज्यात आहेत.

तुमच्या घरात मला वेगळीच गोष्ट खुपते. सासूबाई थंडी सुरू झाली की साताऱ्याला जातात आणि होळीनंतर येतात असं तुम्ही लिहिलंय. ग्रीन कार्डधारक सलग 180 दिवसांहून जास्त बाहेर राहिला, तर परत येताना त्याला नव्याने प्रवेश मागणारा समजलं जाऊ शकतं आणि मग पब्लिक चार्जचा प्रश्न त्याच्यापुढे पुन्हा येऊ शकतो. हीटिंगच्या मदतीशी याचा थेट संबंध नाही, पण तिकीट काढताना दिवस मोजा. शिवाय अर्जात त्यांचं नाव घालायचं तर त्या इथे राहत असल्या पाहिजेत. सहा महिने बाहेर असणाऱ्या माणसाबद्दल केसवर्करला खरं काय ते सांगा.

एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या वाचकांनी विचारण्याआधीच सांगते. तुम्ही स्वतः या मदतीसाठी पात्र गटात येत नाही. पण घरातलं मूल इथे जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे आणि त्या मुलामुळे घराचा अर्ज होऊ शकतो. कमाई मात्र सगळ्यांची मोजली जाते. नोकरी गेलेल्या एका एच-वन जोडप्याने तीन महिने फक्त एका खोलीत स्पेस हीटर लावून काढले. त्यांची मुलगी दोन वर्षांची होती आणि तिच्या नावावर हक्क होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या घरात तर सासूबाई साठीच्या पुढच्या आणि मुलगी सहाच्या आतली. साठीच्या पुढची माणसं, अपंग आणि लहान मुलं असलेल्या घरांकडे आधी बघावं, असा लायहीपचा कायदाच आहे. ज्यांच्यामुळे तुम्हाला अर्ज बाद होण्याची भीती वाटते, त्यांच्यामुळेच तुमच्या अर्जाला वजन येतं.

कागदांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या टेबलावर अडलेले बहुतेक अर्ज अपात्रतेमुळे नाही, अर्धवट कागदांमुळे अडलेले असतात. घरातल्या सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं. मोठ्यांचं फोटो ओळखपत्र, ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजू, मुलीचा जन्मदाखला. चालू लीज, सगळ्या पानांसकट आणि घरमालकाच्या सहीसकट. गॅसचं आणि विजेचं, दोन्ही बिलं, अगदी ताजी. अलीकडच्या सलग महिन्याचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या), म्हणजे आठवड्याला पगार असेल तर मधला एकही आठवडा न गाळता. बेकारी भत्ता असेल तर त्याचं पत्र. जो मोठा माणूस काहीच कमावत नाही, त्याचंही ‘माझी कमाई नाही’ असं लेखी निवेदन लागतं. सासूबाईंच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं. त्यांना भारतातून पेन्शन येत असेल तर ती लपवू नका, डॉलरमध्ये करून दाखवा.

नावांचा घोळ हे आपल्या लोकांचं खास दुखणं. बिल ‘एस. व्ही. कदम’ या नावावर, ग्रीन कार्डावर ‘संजय विठ्ठल कदम’ आणि लीजवर नुसतं ‘संजय विठ्ठल’, कारण ज्याने टाइप केलं त्याने वडिलांचं नाव आडनाव समजलं. असे तीन कागद तीन वेगळ्या माणसांचे दिसतात. अर्जाच्या आधी निदान बिलावरचं नाव कंपनीला सांगून नीट करून घ्या. बिल आधीच्या भाडेकरूच्या किंवा मित्राच्या नावावर चालू असेल तर ते पहिल्यांदा स्वतःच्या नावावर आणा.

हे सगळं स्कॅन करून किंवा झेरॉक्स काढून घरात एक संच ठेवा. अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो. अर्ज फुकट असतो. ग्रोसरीच्या दुकानाबाहेर ‘100 डॉलरमध्ये फॉर्म भरून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या हाती सोशल सिक्युरिटी कार्ड देऊ नका.

अर्ज करताना शटऑफ नोटीस पहिल्या पानावर लावा आणि तोंडानेही सांगा की हे तातडीचं आहे. ऊर्जा-संकटासाठी केलेल्या अर्जावर 48 तासांच्या आत काहीतरी दिलासा द्यावा, जिवाला धोका असेल तर 18 तासांत, असं केंद्राचा कायदा म्हणतो. साधा अर्ज समजून तुमचे कागद ढिगात गेले तर आठवडे जातात. घरात ऑक्सिजन मशीन, नेब्युलायझर किंवा थंडीने बिघडणारा आजार असेल तर डॉक्टरांचं पत्र आजच मागवा. त्या पत्राने कंपनीकडूनही मुदत मिळते.

एक कटू अनुभव सांगते. एका वर्षी एका संस्थेत एका आजींचा अर्ज सात आठवडे पडून राहिला. कारण एवढंच की एका पे-स्टबची मागची बाजू नव्हती, आणि तसं कळवणारं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. आजी वाट बघत राहिल्या. मुलाला वाटलं नकार आला असेल. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: अर्ज दिल्यापासून दहाव्या दिवशी स्वतः फोन करा. नकार आला किंवा वाजवी वेळात काहीच उत्तर आलं नाही, दोन्ही बाबतीत सुनावणी मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. नकाराच्या पत्रावर मुदत लिहिलेली असते. ती चुकवू नका.

ही मदत हक्काने प्रत्येकाला मिळणारी नाही. ठरलेली रक्कम संपली की संपली. शिवाय ती वॉशिंग्टनच्या मर्जीवर हलते. एप्रिल 2025 मध्ये केंद्रातला हा कार्यक्रम चालवणारा कर्मचारीवर्गच कामावरून काढला गेला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकारी कामकाज बंद राहिलं आणि राज्यांना हिवाळ्याचा पैसा नोव्हेंबरच्या अखेरीस मिळाला. फोनवर लोक रडत होते आणि आमच्याकडे द्यायला तारीख नव्हती. म्हणूनच लवकर अर्ज करणाऱ्याला फायदा होतो असं मी कळकळीने सांगते.

ज्यांच्या भाड्यात हीट धरलेली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्हीही अर्ज करू शकता. लीजमध्ये तसं लिहिलेलं असावं लागतं. सरकारी गृहसंकुलात किंवा भाडे-सवलतीवर राहत असाल तर मात्र हीटिंगचं बिल तुम्ही स्वतः कंपनीला भरत असाल तरच. आणि घरमालकाने हीट द्यायची असेल तर 1 ऑक्टोबर ते 1 मे या काळात सकाळी 6 ते रात्री 11 घरात किमान 68 अंश फॅरनहाइट आणि रात्री 65 ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

ताई, तुमचं बिल काढून ‘सप्लाय’ या ओळीकडे बघा. तिथे तुमच्या नेहमीच्या गॅस कंपनीऐवजी दुसऱ्याच कोणाचं नाव आहे का? न्यू जर्सीत पुरवठादार निवडायची मोकळीक आहे आणि दारावर येणारे विक्रेते घरी एकट्या असलेल्या, इंग्रजी कमी येणाऱ्या ज्येष्ठांची सही घेऊन जातात. पहिले काही महिने दर बरा असतो, मग हवा तसा चढतो. ज्या घरांची बिलं अचानक फुगलेली मी पाहिली, त्यातल्या बऱ्याच घरांत हेच निघालं. असं असेल तर तो करार रद्द करून मूळ कंपनीच्या पुरवठ्यावर परत या. सासूबाईंनाही सांगून ठेवा की दारात कोणाला बिल दाखवायचं नाही.

खिडक्यांतून वारा येत असेल तर कंपन्यांच्या वतीने चालणारा कम्फर्ट पार्टनर्स हा मोफत कार्यक्रम आहे आणि 1976 पासून चालू असलेला केंद्राचा वेदरायझेशन कार्यक्रमही आहे. फटी बुजवणं, इन्सुलेशन, घर गरम करणाऱ्या भट्टीची (फर्नेसची) दुरुस्ती अशी कामं त्यात होतात. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी लागते. ती मिळवायला वेळ जातो, म्हणून आत्ताच विचारून ठेवा.

लायहीपच्या मर्यादेच्या थोडं वर असलेल्यांनाही न्यू जर्सीत पेज नावाची वेगळी मदत आहे. तुम्हाला तिची गरज नाही, पण मिस्टरांचे तास पूर्ववत झाले आणि तरी बिल जड गेलं तर नाव लक्षात असू द्या.

तुम्ही लिहिलंय की परवा रात्री थर्मोस्टॅट बंद ठेवून गॅसचा ओव्हन लावला आणि त्याचं दार उघडं ठेवून सगळे स्वयंपाकघरात झोपलात. कृपा करून हे पुन्हा करू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतला माणूस उठत नाही. कोळशाची शेगडीही घरात पेटवू नका. आज रात्री हीटर 68 वर ठेवा. बिल वाढेल, त्याचं आपण बघू. मुलीच्या आणि सासूबाईंच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का, बटण दाबून बघा. नसेल तर घरमालकाला उद्याच लेखी कळवा. तो लावणं त्याचं काम आहे.

अलीकडच्या वर्षांत न्यू जर्सीचे अर्ज 1 ऑक्टोबर ते 30 जून घेतले जातात. यंदाचा अर्ज या आठवड्यात द्या. पुढच्या वर्षी नवरात्राच्या सुमारास कागदांचा तो संच काढा आणि पहिल्याच आठवड्यात नवा अर्ज देऊन या. तेव्हा बहुधा कंपनीची नोटीस जोडावी लागणार नाही.